खेजडीच्या मुळातली अळी

जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या कृषी संशोधन केंद्रातून हुमणीवरच्या देशव्यापी प्रकल्पाचा कारभार वर्षानुवर्षे चालला. रेताड जमीन आणि त्यात बाजरी-भुईमूग, म्हणजे हुमणीची चंगळच. इकडे तिला ‘सफेद लट’ म्हणतात. गडबड अशी, की जमिनीत सापडलेल्या प्रत्येक लठ्ठ पांढऱ्या अळीवर हाच शिक्का बसतो. खेजडी, म्हणजे आपली शमी, हा राजस्थानचा राज्यवृक्ष. ती उभ्या उभ्या वाळू लागली, की संशय पुन्हा सफेद लटीवरच. जोधपूरच्या शुष्क वन संशोधन संस्थेने मात्र तिच्या मुळांत वेगळीच अळी दाखवली: ॲकॅन्थोफोरस सेराटिकॉर्निस या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची. सोबत गॅनोडर्मा बुरशी आणि चाऱ्यासाठी होणारी बेसुमार छाटणी.

दोघींतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. हुमणी अर्धवर्तुळात वळून पडते. तपकिरी डोके पूर्ण बाहेर, छातीखाली सहा ठसठशीत पाय. मूळ पोखरणारी अळी सरळच राहते. तिचे डोके छातीच्या रुंद पहिल्या वलयात निम्मेअधिक ओढलेले असते, पुढे दिसतात ते काळे जबडे. पाय म्हणाल तर बारीक खुंट. आंब्याच्या खोडातल्या भिरुडाच्या अळीला तर तेही नसतात. मग ती पुढे जाते कशी? पोटाच्या पहिल्या सात वलयांवर, पाठीला आणि खालीही, मांसल उंचवटे असतात. ते बोगद्याच्या भिंतीला दाबून ती अंग पुढे रेटते. जाणकार आधी हे उंचवटेच शोधतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत भरवशाची खूण.

चकवा देणारी आणखी एक आहे. रत्नासारख्या चमकणाऱ्या भुंगेऱ्यांची अळीही लाकडातच राहते. पण तिची छाती चपटी व पसरट, मागचे अंग निमुळते. घोड्याच्या नालेचा खिळाच जणू.

ओळख चुकली तर उपायही वाया जातो. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंब, बोर आणि याच खेजडीवर पाला खायला जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते पाडता येतात. मुळाच्या आत दडलेल्या अळीला त्याने काहीच होत नाही.

नेमकी जात ठरवायची तर तज्ज्ञाकडेच जावे लागते. नमुना आधी उकळत्या पाण्यात बुडवून मग स्पिरिटमध्ये ठेवावा. थेट स्पिरिटमध्ये टाकलेली अळी काळी पडते, आणि खुणा दिसेनाशा होतात.