उपचारानंतरचें विस्मरण

धाराशिव, म्हणजे पूर्वींचा उस्मानाबाद, या जिल्ह्याचें नांव कर्करोगाच्या वैद्यकांत जगभर परिचित आहे. १९९९ सालीं येथील गांवांच्या ५२ समूहांत, ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांमध्यें गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीं एक मोठी पाहणी सुरू झाली. मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय आणि जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या बार्शीचें नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय या कार्यांत सहभागी होतें. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या गटांत या रोगाच्या विषाणूची एकच तपासणी झाली होती, तेथें या रोगानें होणारे मृत्यू तपासणीविना राहिलेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले.

परंतु कर्करोगाचा हिशेब किती वांचले आणि किती दगावले एवढ्यावरच संपत नाहीं. रसायनोपचार, ज्याला नित्याच्या बोलण्यांत केमोथेरपी म्हणतात, घेऊन एखादी गृहिणी बरी होऊन घरीं परतते. केस पुन्हां येतात, भूक लागूं लागते. पण शेगडीवरचें दूध उतूं जातें, वाण्याच्या हिशेबांत चूक होते, ओळखीचें नांव ओठांवर येऊन अडतें. घरचीं माणसें म्हणतात, “हिचें लक्षच नसतें.” हे शब्द रागाचे नसले तरी जिव्हारीं लागतात. असा दोष देण्यापूर्वीं तिच्या मेंदूंत काय घडलें असेल, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

मेंदूच्या बाहेरील करड्या थरांत मज्जापेशी असतात. त्यांना परस्परांशीं जोडणाऱ्या तंतूंचे जुडगे आंत पसरलेले असतात. त्यासच श्वेतद्रव्य म्हणतात. त्याचा पांढरा रंग तंतूंवरील मायलीन या स्निग्ध आवरणाचा होय. विजेच्या तारेवर जसें रबराचें वेष्टन, तसेंच कांहींसें हें आवरण. त्याच्यामुळें संदेश वेगानें धांवतो. आवरण विरलें म्हणून तार तुटतेच असें नाहीं. मात्र संदेश रेंगाळतो. अशा रुग्णाची बुद्धि नाहींशी झालेली नसते. तिची चाल मंदावलेली असते.

मग हें घडतें कसें? रसायनोपचाराचीं अनेक औषधें विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. मायलीन विणणाऱ्या पेशी ज्यांपासून तयार होतात, त्या पूर्वपेशी मेंदूंत प्रौढपणींही विभागत असतात. त्यामुळें शत्रूबरोबर त्याही घायाळ होऊं शकतात. मेथोट्रेक्सेट या औषधाचें उदाहरण बोलकें आहे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत तें पाठीच्या कण्यांतील द्रवांतही टोंचतात. पालेभाज्यांतून मिळणारें फॉलिक आम्ल तें पेशींना उपयोगांत आणूं देत नाहीं. मात्रा मोठी असली, किंवा जोडीला डोक्यावर किरणोपचार झाले, तर श्वेतद्रव्यास धोका वाढतो. म्हणूनच मोठ्या मात्रेनंतर डॉक्टर ठरल्या वेळीं फॉलिनिक आम्ल देतात. मात्र आपल्या मनानें फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेणें योग्य नव्हे. त्यांनीं औषधाच्या कार्यांत अडथळा येऊं शकतो.

बेल्जममधील ल्यूव्हेन येथील संशोधकांनीं स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे मेंदू रसायनोपचारापूर्वीं व नंतर चुंबकीय प्रतिमांनीं तपासले. श्वेतद्रव्यांत बदल झालेले आढळले आणि लक्ष व स्मृति यांच्या कसोट्यांशीं त्यांचा संबंध दिसला, असें त्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. तीन-चार वर्षांनंतरच्या तपासणींत ते बदल भरून आल्याचें दिसलें. तो वृत्तान्त २०१८ सालीं आला. प्रत्येकाच्या वांट्याला असें पूर्ण आरोग्य येतेंच असें नाहीं, तरी धीर सोडण्याचें कारण नाहीं.

शिवाय प्रत्येक विसराळूपणाचें मूळ श्वेतद्रव्यांतच असतें असेंही नव्हे. पांडुरोग, थायरॉइडचा दोष, निद्रानाश, मनाची खिन्नता हींही कारणें असतात आणि त्यांवर उपाय आहेत. यासाठीं तक्रार डॉक्टरांच्या कानांवर घालावी. उपचार चालू असतां एकाएकीं वाचा अडखळली, एक अंग लुळें पडलें किंवा आंकडी आली, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. मात्र विस्मरणाच्या भयानें उपचार अर्ध्यावर टाकणें म्हणजे जीवच धोक्यांत घालणें होय.

धाराशिवच्या पाहणीनें रोग लवकर हुडकण्याचें महत्त्व पटविलें. गर्भाशयमुखाचा विकार पूर्वावस्थेंतच सांपडला, तर रसायनोपचाराची वेळच येत नाहीं. ज्यांच्यावर ती आली, त्यांना घरांत थोडी सवड हवी: टिपणाची एक वही, एका वेळीं एकच काम, रोजचें चालणें आणि उत्तर यायला उशीर झाला तरी वाट पाहणारीं माणसें.