धरणाच्या तळाशी साठवलेला हिवाळा

दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपुरमधून एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांचा पुतण्या अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात असतो. त्यानं जानेवारीतला एक व्हिडिओ पाठवला. दोन्ही काठांवर गुडघाभर बर्फ, हवा शून्याखाली, आणि हा गडी छातीपर्यंतची रबरी विजार चढवून नदीच्या मधोमध ट्राउट पकडतोय. मागे धरणाची भिंत. पत्रात प्रश्न दोन. एवढ्या थंडीत ती नदी गोठत कशी नाही? आणि दुसरा, जो मला जास्त आवडला : ‘आमचं गंगरेलही धरणच आहे. त्याच्याखाली ट्राउट सोडले तर?’

पहिल्याचं उत्तर दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी ते परीक्षेपुरतं पाठही केलेलं आहे. होपचं उपकरण. उंच नळकांडं, त्यात पाणी, वर एक तापमापी, खाली एक, आणि मधल्या भागाभोवती बर्फ-मिठाचं मिश्रण. आधी खालचा पारा उतरतो आणि ४ अंशांवर येऊन थांबतो. मग वरचा उतरू लागतो, तो थेट शून्यापर्यंत. ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड, म्हणून ते तळ गाठतं. त्याहून थंड झालेलं पाणी पुन्हा हलकं होतं आणि वर राहतं.

पुस्तकात होपचं नाव उपकरणाला चिकटून राहिलं, माणूस मात्र गायब झाला. थॉमस चार्ल्स होप हे एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. हा प्रयोग त्यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी पाण्याच्या या विक्षिप्तपणाबद्दल वाद होता. लोक काचेच्या भांड्यात पाणी भरून पातळी किती उतरते ते मोजत. पण थंडीत काचही आकसते. मग जे दिसतं ते पाण्याचं वागणं की काचेचं? शंका घेणाऱ्यांत अणुवादाचे जॉन डाल्टनही होते. होप यांनी भांड्याचा प्रश्नच निकालात काढला. पाणी किती आकसलं हे मोजायचंच नाही, ते वर जातं की खाली एवढंच पाहायचं. पाण्यालाच साक्षीला उभं केलं! पुढे होप यांनी संशोधन जवळपास सोडून दिलं आणि शिकवण्यात आयुष्य घालवलं. त्यांच्या वर्गाला शेकड्यांनी विद्यार्थी बसत. १८२५ मध्ये वैद्यक शिकायला आलेला चार्ल्स डार्विन तिथल्या बाकीच्या व्याख्यानांना कंटाळला होता, होप यांची मात्र त्याला आवडत.

आता ते नळकांडं दोनशे मीटर उंच आहे असं समजा. थंड देशातला खोल जलाशय हिवाळ्यात वरून निवत जातो. निवलेलं पाणी खाली बसतं, खालचं वर येतं, असं करत अख्खा जलाशय ४ अंशांच्या आसपास येतो. वसंतात ऊन वरचा थर तापवतं. तापलेलं पाणी हलकं, त्यामुळे ते खाली जातच नाही. तळाचं गार पाणी भर उन्हाळ्यातही तसंच पडून राहतं, धान्य पेवात राहावं तसं. वीजघराकडे जाणाऱ्या पाण्याची तोंडं भिंतीत खोलवर असतात. म्हणून अशा धरणाखालच्या नदीत जुलैत जे पाणी वाहतं ते गेल्या हिवाळ्याचं असतं. जानेवारीतही तेच, शून्यापेक्षा चार-सहा अंश वर. बाहेरच्या हवेच्या मानानं ते कोमटच, त्यामुळे धरणापासून कित्येक किलोमीटर नदीवर बर्फ धरत नाही. वरच्या ओढ्यांवर बर्फाची साय असते आणि पुतण्या इथे गळ टाकून उभा असतो.

नदीचे ऋतूच पुसले जातात. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. त्याआधी ही नदी हिवाळ्यात शून्याजवळ आणि उन्हाळ्यात २५ अंशांच्याही वर जायची. नंतर वर्षभर साधारण ८ ते १२ अंशांचं निवळ पाणी. गाळ सगळा वर अडकलेला. लगेच १९६४ मध्ये तिथे रेनबो ट्राउट सोडले गेले. हा मासा त्या पट्ट्यातला नव्हेच, पण त्याला हवं असलेलं पाणी आयतं तयार झालं होतं. आर्कान्सातही हीच कथा. तिथल्या ग्रीअर्स फेरी धरणाचं लोकार्पण राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ऑक्टोबर १९६३ मध्ये केलं आणि त्याच धरणाखालच्या लिटल रेड नदीत १९९२ मध्ये सव्वाअठरा किलोचा ब्राउन ट्राउट गळाला लागला. त्या वेळचा तो जागतिक विक्रम.

अशा नदीत हिवाळ्यात मासा खातो काय? मुख्यतः चिलटं. न चावणाऱ्या, कायरोनॉमिड कुळातल्या चिलटांच्या अळ्या आणि कोष. म्हणून गळाला बांधायची बनावट माशीही तेवढीच लागते. बावीस नंबरचा गळ म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर. त्यावर दोरा गुंडाळायचा, हाताची बोटं बधिर असताना तो गळ केसाएवढ्या तंगुसात ओवायचा आणि दुपारी तासभर चिलटं निघतात तेवढ्यात काय ते साधायचं. गारठलेला मासा अंग हलवायला तयार नसतो. अळी अगदी तोंडासमोरून गेली तरच तोंड उघडतो. या छंदात निम्मा वेळ दोरीवरचं बर्फ काढण्यात जातो असं म्हणतात. मला ते खरं वाटतं.

पण चिलटंच का? थंड नद्यांमध्ये मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस असे मोठे किडे भरपूर असतात. ग्लेन कॅन्यन धरणाखालच्या ग्रँड कॅन्यनमधून मात्र ते जवळपास नाहीसे झाले आहेत. याचं उत्तर ज्या पद्धतीनं सापडलं ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोहक वाटते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या टेड केनेडी आणि सहकाऱ्यांनी नदीत तराफे हाकणाऱ्या मार्गदर्शकांनाच कामाला लावलं. मुक्कामाच्या ठिकाणी अंधार पडला की तासभर दिवा लावायचा, खाली अल्कोहोलचा डबा ठेवायचा, पडतील ते किडे बाटलीत भरून आणायचे. अशा हजारो बाटल्या जमल्या. मोजणी केली तर चिलटांची संख्या नदीच्या लांबीवर लाटेसारखी कमी-जास्त होत होती.

कारण वीज. संध्याकाळी मागणी वाढली की धरणातून जादा पाणी, रात्री कमी. ही रोजची भरती-ओहोटी खोऱ्यातून खाली सरकत जाते, त्यामुळे एका ठिकाणी तिन्हीसांजेला पाणी चढलेलं असतं, दुसरीकडे उतरलेलं. किडे अंडी घालतात ती नेमकी तिन्हीसांजेला, काठाच्या दगडांवर, पाण्याच्या रेषेशी. पाणी चढलेलं असताना घातलेली अंडी काही तासांत उघडी पडतात आणि उन्हात वाळून जातात. उतरलेल्या पाण्यात घातलेली मात्र बुडून राहतात, ती जगतात. चिलटं यातून कशीबशी निभावली, मोठे किडे संपले. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ च्या उन्हाळ्यात धरण चालवणाऱ्यांनी एक प्रयोग केला : शनिवार-रविवारी विजेची मागणी तशीही कमी असते, तेव्हा दोन दिवस पाणी खालच्या पातळीवर स्थिर ठेवायचं. किड्यांसाठी साप्ताहिक सुट्टी!

रोज ठरल्या वेळी चढणारी नदी मराठी वाचकाला नवी नाही. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करून आलेल्या प्रत्येकानं ती पाहिली आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरतं आणि सकाळी सोडलेल्या त्या पाण्यावर तराफे निघतात. तिच्या काठच्या किड्यांच्या अंड्यांचं काय होतं, हे शोधायला दिवा, डबा आणि एखादं महाविद्यालय एवढं पुरेल.

ग्लेन कॅन्यनच्या गोष्टीला अलीकडे एक वळण मिळालं आहे. त्या थंड पाण्यानं तिथल्या मूळच्या माशांचे हाल केले. पाठीवर कुबड असलेला हंपबॅक चब हा आपल्या रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातला मासा. त्याला अंडी घालायला कोमट पाणी लागतं. मुख्य नदी गारठल्यावर तो लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या आधारानं तगून राहिला. मग दुष्काळांनी जलाशय इतका खाली गेला की वीजघराची तोंडं वरच्या उबदार थराजवळ आली. नदी पुन्हा तापू लागली. चबचं भलं व्हायला हवं होतं, पण २०२२ मध्ये स्मॉलमाउथ बास हा परका, खादाड मासा धरणाखाली वीण करताना सापडला. तो चबची पिल्लं फस्त करणार. तेव्हा २०२४ मध्ये, वीजनिर्मितीचं नुकसान सोसून, आणखी खालच्या दारांतून मुद्दाम थंड पाणी सोडलं गेलं. ज्या गारठ्यानं चबला हद्दपार केलं तोच आता त्याच्या रक्षणाला आणावा लागला!

आता गंगरेल. महानदीवरचं, धमतरीजवळचं हे धरण सुमारे ३० मीटर उंच. भिलाईच्या पोलाद कारखान्याची तहानही भागवतं. पण पेवात घातलं त्यापेक्षा वेगळं धान्य निघत नाही. बर्फाचं पाणी येऊन मिळत नसेल तर जलाशयाचा तळ तिथल्या हिवाळ्यापेक्षा थंड होऊच शकत नाही. दुर्गमध्ये जानेवारीत दिवस-रात्रीची सरासरी २० अंशांच्या आसपास असते. वर हे धरण भरतं ते पावसाळ्यातल्या कोमट पाण्यानं, आणि मे महिन्यापर्यंत कालव्यांतून बरंचसं उपसलं गेलेलं असतं. ट्राउटला १० ते १८ अंश मानवतात. २५ च्या पुढे तो गुदमरायला लागतो, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : ४ अंशांना लिटरमागे १३ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. ‘मैदानातही ट्राउट’ अशा बातम्या अधूनमधून येतात. हैदराबादजवळ तसा प्रकल्प झालाही आहे. पण तो बंदिस्त टाक्यांतला, शीतयंत्रांवर चालणारा. तिथला हिवाळा विजेच्या बिलातून येतो.

भारतात ट्राउट आहेत ते डोंगरांत. काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट १९०० मध्ये स्कॉटलंडहून आले, तिथून कुलूच्या खोऱ्यात गेले. निलगिरीतही आहेत. बरोटला, उहल नदीवर, शानन वीजप्रकल्पाच्या धरणाशेजारीच ट्राउटचं बीज केंद्र आहे. पण पुतण्यानं तिथे जानेवारीत जाऊ नये. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्यांच्या विणीचा काळ.

मग धरणांच्या प्रदेशात मराठी माणसानं कोणता मासा जोपासला? महासीर. आणि इथे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचं नाव घ्यायला हवं, जे फारसं कुणी घेत नाही. १९४० मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या खाड्यांमधला, बोटाच्या पेराहूनही लहान, जवळपास पारदर्शक असा मासा जगासमोर आणला आणि सुंदरलाल होरा व एस. बी. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांच्या नावांवरून त्याचं नाव ठेवलं होराइक्थिस सेटनाय. पुढे ते महाराष्ट्राचे मत्स्यसंचालक झाले. सत्तरच्या दशकात लोणावळ्याला, टाटांच्या जलविद्युत तलावांच्या काठी, त्यांनी आणि शशांक ओगले यांनी दख्खनच्या महासीराची कृत्रिम वीण यशस्वी केली. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला हाच तो टॉर खुद्री. धरणांनी विणीच्या वाटा अडवल्या होत्या, ज्या कंपनीची धरणं तिच्याच दारात हा मासा पुन्हा वाढू लागला. कुलकर्णी-ओगले यांची सर्वांत छान युक्ती साधी आहे : फलित अंडी पाण्यात न ठेवता ओल्या कापसात बांधून दूरवर पाठवायची. १८६४ मध्ये इंग्लंडहून टास्मानियाला ट्राउटची अंडी जहाजानं गेली ती ओल्या शेवाळात, बर्फाखाली. इथे बर्फाचीही गरज पडली नाही.

या यशाचा हिशेब मात्र पुढे चुकता करावा लागला. लोणावळ्याचं बीज देशभर गेलं, कावेरीतही गेलं. तिथे ते इतकं फोफावलं की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर वशिंड असलेला महासीर दिसेनासा होऊ लागला. ही घसरण लक्षात आली ती मासे धरून सोडून देणाऱ्या हौशी मंडळींच्या नोंदवह्यांतून. २०१८ मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. लोणावळ्याचा भाऊबंद मात्र आता संकटग्रस्तही मानला जात नाही. कुलकर्णींच्या काळी हे दोन वेगळे मासे आहेत हेच कुणाला पुरेसं ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोष त्यांना देता येत नाही. पण यापुढे बीज सोडणाऱ्याला ती सवलत नाही.

तेव्हा पद्मनाभपुरच्या वाचकांना सुचवायचं ते इतकंच. महानदीलाही तिचा महासीर आहे. ए. डेव्हिड यांनी १९५३ मध्ये, हिराकुडचं धरण पुरं व्हायच्या आधी, त्याला ‘महानदिकस’ असं नाव दिलं. ती स्वतंत्र जात आहे की उत्तरेतल्या महासीराचाच एक अवतार, यावर मतभेद आहेत. गंगरेलच्या काठी केवट आणि ढीमर मंडळींची पिढीजात जाळी आहेत. एखाद्या रविवारी तिकडे गेलात तर ट्राउटचं राहू द्या, मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा मासा जाळ्यात शेवटचा कधी आला होता ते विचारा, आणि सापडला तर खवल्याचा एक फोटो पाठवा.