उन्हाळ्यातली प्रवरा

रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणात अडते. हे धरण १९२६ साली पुरे झाले. पुढे अकोले, संगमनेर मागे टाकून ती टोक्याला गोदावरीस मिळते. वर धोधो पाऊस, खाली पाचशे मिलिमीटरच्या आसपासचा कोरडा मुलूख. खालच्यांची सारी भिस्त वरच्या पाण्यावर.

पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. माशांचा श्वास त्यावरच. वीस अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांत साडेसातच. पाण्यात मळ आला की तो खाणारे जंतू हाच प्राणवायू वापरतात. शहराच्या सांडपाण्याची भूक लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅमची. डिस्टिलरीच्या कच्च्या मळीच्या पाण्याची चाळीस हजारांवर! म्हणजे दहा लिटरची एक बादली पन्नास हजार लिटर नदीचा प्राणवायू फस्त करू शकते.

त्यात हवा तापते आहे. एका अंशाने तापलेली हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. पाऊस मग थोड्या दिवसांत कोसळतो, मधले खंड लांबतात. दोन आवर्तनांच्या मध्ये पात्रात कोमट डोह तेवढे उरतात, आणि मळ पातळ व्हायला वाहते पाणीच नसते. आवर्तनाचे हिशेब शेतीचे, कारखान्याचे, पिण्याचे होतात. नदीसाठी किती, हे आम्ही तरी फारसे ऐकले नाही.

असे पाणी नदीत सोडणे १९७४ च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण रात्री झडप उघडण्याचा हुकूम होतो तो मजुराला, आणि त्याच्या घरची विहीर त्याच काठावर असते. त्याने नकार दिला तर त्याची नोकरी कोणी राखायची? आम्ही हा प्रश्न संघटनेचा मानतो.