दाढेतली चांदी काढल्यानंतर

दाढ किडली की दंतवैद्य 'चांदी' भरतात, असे आपण म्हणतो. खरे तर त्या भरणात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथिल आणि तांबे. हेच अमालगम. पाऱ्याविषयी काहीबाही वाचून काहीजण ते काढून घेतात आणि पुढे थकवा, डोकेदुखी जाणवली की 'अंगात पारा भिनला' अशा धास्तीने तो उतरवणारी औषधे शोधू लागतात. शिक्षकांकडूनही आम्हांला याबद्दल विचारणा होते.

पारा शरीरात कोणत्या वाटेने शिरतो, ते आधी पाहू. भरणाचा तुकडा गिळला गेला तर विशेष बिघडत नाही. धातुरूप पारा आतड्यांत जवळजवळ शोषलाच जात नाही. वाफेचे उलट आहे. श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा रक्तात उतरतो. ड्रिलने कोरताना भरण तापते, वाफ आणि बारीक कण उडतात. तेव्हा काळजी घ्यायची ती दंतवैद्याच्या खुर्चीतच: पाण्याचा फवारा, जोरदार शोषनळी, दाताभोवती रबराचा पडदा आणि भरणाचा भुगा न करता ते मोठ्या तुकड्यांत काढणे.

एवढे करूनही रक्तातला पारा एक-दोन दिवस थोडा वाढतो. मग उतरू लागतो आणि काही आठवड्यांत पूर्वीपेक्षाही खाली जातो, कारण उगमच गेलेला असतो. शरीरात वाफेचे ऑक्सिडीभवन होऊन पाऱ्याचे आयन बनतात, त्यांतील बरेचसे मूत्रपिंडांत साठतात आणि लघवी व शौचावाटे बाहेर पडतात. शरीरातील अशा पाऱ्याचा अर्धायुकाल ढोबळमानाने दोन महिने. किरणोत्सारी पदार्थांसाठी फळ्यावर मांडतो तेच गणित इथे मांडावे: आज १०० भाग, दोन महिन्यांनी ५०, चार महिन्यांनी २५, वर्षाअखेर दीड. मेंदूत पोचलेला अल्पसा अंश मात्र याहून पुष्कळ रेंगाळतो.

आणि नेमका तिथेच ही औषधे कमी पडतात. डीएमएसए, डीएमपीएस ही पाऱ्याला धरून लघवीतून बाहेर काढणारी द्रव्ये मेंदूत फारशी शिरत नाहीत. शिवाय जस्त, तांबे यांसारखी हवीशी मूलद्रव्येही ओढून नेतात. तीव्र विषबाधेत त्यांचे स्थान आहेच. पण निरोगी माणसालाही हे औषध दिले की लघवीतला पारा वाढतो! म्हणून औषध देऊन मग लघवी तपासणे आणि 'पाहा किती पारा निघाला' म्हणणे ही आमच्या मते निव्वळ दिशाभूल आहे. अमेरिकेतील वैद्यकीय विषशास्त्रज्ञांच्या संस्थेनेही २००९ साली अशी चाचणी शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेली नसल्याचे सांगितले. १९९७ साली फिलिप ग्रांजाँ आणि सहकाऱ्यांनी अमालगममुळे त्रास होतो असे मानणाऱ्या ५० रुग्णांपैकी काहींना डीएमएसए, तर काहींना बिनऔषधी गोळी दिली. पारा अधिक निघाला तो औषधवाल्यांचा. बरे मात्र दोन्ही गटांना सारखेच वाटले.

तपासायचेच असेल तर औषध न घेता लघवी तपासावी. रक्ताच्या तपासणीत माशांतून येणारा मिथिल पाराही मोजला जातो. कोकणातल्या मासेखाऊ माणसाचा आकडा दाढेमुळे चढला असे कसे म्हणणार? हात थरथरणे, हिरड्या सुजणे, लघवीतून प्रथिने जाणे ही पाऱ्याची खरी लक्षणे. नुसता थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासून घ्यावे. पाऱ्याच्या मागे लागून पंडुरोग वर्षभर अंगावर काढणे परवडणारे नाही.

अमालगमचा वापर जगभर कमी होतो आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, थोडे वैद्यकीय अपवाद वगळता, तो बंद झाला. पाऱ्याने होणारे पर्यावरणाचे प्रदूषण हे त्यामागचे मोठे कारण. पण नवे भरण टाळणे वेगळे आणि शाबूत भरण उकरणे वेगळे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले यांना नवे अमालगम शक्यतो भरू नये असे सुचवले, तेव्हाच चांगल्या स्थितीतले भरण, वैद्यकीय गरज नसेल तर, काढू नये असेही म्हटले. पाऱ्याची वाफ वार ओलांडून गर्भापर्यंत जाते, म्हणून असे काम बाळंतपणानंतर, अंगावरचे पाजणे सुटल्यावर करावे.