विटकं, कळकट आणि गबाळं

इंग्रजी बोलण्यात कोट, खोली, पुस्तक, सगळ्यालाच ‘शॅबी’ चालतं. मराठीत तसं भागत नाही. लातूरच्या गंजगोलाईत उन्हाने रंग उडालेली पाटी विटकी. तिला कोणी मळकी म्हणणार नाही. मळकट धुतलं की निघतं. कळकट मात्र चिवट. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हिरवट होतं, चवही बिघडते. आणि वर्षानुवर्षं न घासलेल्या भांड्याला, धुराने काळवंडलेल्या हॉटेलाला आपण कळकट म्हणतो.

गबाळ्याची गोष्ट वेगळी. गबाळ म्हणजे मुळात बाडबिस्तरा, गाठोडी. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोड्या-गाढवांचा मोठा बाजार लागतो. तिथे येणारी भटकी कुटुंबं पालाच्या काठ्या, गोधड्या, पातेली असा सगळा संसार आवळून बांधून आणतात. इतक्या नेटक्या ओझ्याच्या शब्दावरून अव्यवस्थित माणसाला गबाळा म्हणावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

वापरताना एवढं पाहावं: गबाळेपण माणसाचं, राहणीचं, कामाचं असतं. कारभार गबाळा, अगदी गबाळग्रंथीही असतो. भिंत मात्र कळकटच.