पदराची उलट बाजू

फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी. याच तिथीस श्रीएकनाथ महाराजांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. नाथांच्या पैठणनगरीचे दुसरे भूषण म्हणजे पैठणी. हातमागावरील विणकामाचे प्राथमिक धडे गिरवीत असताना या महावस्त्राकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली आणि नाथांच्या चरित्राचाही एक नवा अर्थ उमगला.

विणकामाचा मूळ नियम साधा आहे. उभे धागे ताणून बसवावयाचे, तो ताणा. आडवा धागा त्यांतून एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून न्यावयाचा, तो बाणा. परंतु रंग बदलू लागले, की नवशिक्याच्या कापडामागे सुटे धागे लोंबू लागतात. पैठणीच्या पदरावरील मोर, कमळ, पोपट मात्र विणकर निरनिराळ्या रंगांच्या लहान कांड्यांनी, धाग्यात धागा गुंतवीत विणतो. म्हणूनच पदर उलटून पाहिला तरी नक्षी सुलट बाजूसारखीच रेखीव दिसते.

नाथांचे जीवन असेच होते. सर्वांभूती भगवंत पाहावा, हे त्यांनी सांगितले. आणि रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेने तळमळणाऱ्या गाढवास पाजून ते आचरिले, अशी कथा आहे. उपदेश ही सुलट बाजू, आचरण ही उलट. दोन्हींवर नक्षी एकच!

यंदा नाथषष्ठीस पेटीतील पैठणी बाहेर निघाली, तर तिचा पदर क्षणभर उलटून पाहावा. आपली भक्तीही तशीच उलटून पाहावी.