कॅमेऱ्याने मान का टाकली?

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील हा प्रसंग. चित्रीकरण करणाऱ्या विद्यार्थ्याने कार्यक्रमपत्रिका पाहण्यासाठी कॅमेऱ्यावरचा हात काढला आणि कॅमेऱ्याने हळूहळू मान टाकली. रंगमंचाऐवजी पहिल्या रांगेतील पाहुण्यांच्या पादत्राणांचे चित्रीकरण झाले! "सर, ड्रॅगचा खटका तर शेवटपर्यंत फिरवला होता," तो म्हणाला. चूक नेमकी येथेच होती.

व्हिडिओ कॅमेरा ट्रायपॉडवर, म्हणजे तीन पायांच्या घोडीवर, ज्या भागाने बसवतात त्याला 'फ्लुइड हेड' म्हणतात. ऑस्ट्रेलियातील एरिक मिलर यांनी १९४० च्या दशकात असे हेड तयार केले. त्याच्या फिरणाऱ्या भागांमध्ये दाट, चिकट द्रव असतो. या द्रवाच्या विरोधामुळे, म्हणजेच ड्रॅगमुळे, कॅमेरा हिसके न बसता सफाईने फिरतो. पण हा विरोध वेगावर अवलंबून असतो. वेग वाढला की विरोध वाढतो. गती नसेल तर विरोधही नाही. मधाच्या बरणीत चमचा उभा करून सोडून द्या. तो सावकाश कलतो, पण कलतोच. मध त्याला उशीर लावतो, थांबवीत नाही.

मग कॅमेऱ्याला तोलून धरायचे कोणी? हे काम दोघांचे आहे.

पहिला गुरुत्वमध्य. कॅमेरा ज्या आडव्या आसाभोवती वरखाली झुकतो, त्या आसाच्या बरोबर वर त्याचा गुरुत्वमध्य यायला हवा. भिंग जड असेल तर तो पुढे जातो. म्हणून कॅमेऱ्याखालची पट्टी पुढेमागे सरकवता येते.

दुसरी स्प्रिंग. तळहातावर उभी धरलेली काठी जराशी कलली की आणखी कलत जाते. कॅमेऱ्याचेही तसेच. समजा, कॅमेरा ४ किलोग्रॅमचा आहे, गुरुत्वमध्य आसाच्या १५ सेंटिमीटर वर आहे आणि कॅमेरा ३० अंशांनी झुकवला. तर त्याला खाली ओढणारे आघूर्ण ४ × ९.८ × ०.१५ × ०.५, म्हणजे सुमारे २.९ न्यूटन-मीटर. ४० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याने ते तोलायचे तर हाताला पाऊण किलो वजनाइतका जोर सतत लावावा लागेल. हेडमधील स्प्रिंग तेवढेच आघूर्ण उलट दिशेने देते आणि हात मोकळा होतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. बॅटरी, मायक्रोफोन, भिंग सारे आधी जोडा; नंतर काही जोडले तर गुरुत्वमध्य बदलतो. ट्रायपॉड समतल करा. ड्रॅग आणि स्प्रिंग कमीत कमी ठेवा. एक हात कॅमेऱ्यावर ठेवूनच खटका सैल करा. कॅमेरा पुढे झुकू लागला तर पट्टी मागे घ्या. मागे झुकू लागला तर पुढे. मग कॅमेरा तिरपा करून पाहा. तो आणखी पडू लागला तर स्प्रिंगचा जोर वाढवा. परत वर येऊ लागला तर कमी करा. ड्रॅग सर्वांत शेवटी. आणि कॅमेऱ्यापासून दूर जाताना खटका घट्ट करायला विसरू नका.

त्या दिवशी आम्ही पट्टी फक्त दोन बोटे मागे सरकवली आणि स्प्रिंग एक टप्पा वाढवली. उरलेला कार्यक्रम कॅमेऱ्याने ताठ मानेने पाहिला.